वकीलसाहेबांचं गिरमिट

आमच्या धुऱ्यावर सिमेंटचे खांब उभे आहेत. पहिले चार वाकडे. एक आमच्या शेताकडे झुकलेला, दुसरा काकाच्या, तिसरा पुन्हा आमच्या, आणि चौथा धड कुणाचाच नाही. पाचव्यापासून मात्र थेट नाल्यापर्यंत सगळे ओळंब्यात. पाहिजे तर सुतळी लावून बघा. मी राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात गणित शिकवते, त्यामुळे असली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. माणूस तोच, यंत्र तेच, दिवसही तोच. मग चौथ्या आणि पाचव्या खांबाच्या मध्ये झालं काय? हे कोडं मी पुष्कळ दिवस डोक्यात घेऊन हिंडले. आणि ज्या माणसाने हे खड्डे पाडले, तो तर त्याहून अवघड होता.

त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. घर राजापेठेतलं, पिढ्यानपिढ्या भिक्षुकी आणि वकिलीतलं. त्यांनी आयुष्यभर मुख्यतः धुऱ्याच्या केसेस चालवल्या. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या वऱ्हाडात माणूस एक वेळ सासुरवाडीत झालेला अपमान विसरेल, पण शेजाऱ्याने धुऱ्यात घुसवलेलं नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, विसरणार नाही. सख्खे भाऊ कोर्टाच्या पायरीवर एकमेकांकडे पाठ करून बसतात. वकीलसाहेबांचा संसार या पाठींवरच चालला, असं ते स्वतःच म्हणत.

मग एक दिवस त्यांनी वकिली सोडली. कोट तेवढा ठेवला. अकोल्याला एक जिनिंग बंद पडलं होतं, तिथे सरकीचे ढीग ढकलायला एक जुना, बुटका लोडर होता. वकीलसाहेब तो घेऊन आले. त्याची पुढची बकेट काढली आणि तिथे जमिनीत गोल खड्डा पाडणारं गिरमिट बसवलं. सुताराकडे असतं तसंच, फक्त जवळजवळ माणसाच्या उंचीचं आणि यंत्रातल्या तेलाच्या दाबावर फिरणारं. शिकवणीला येणाऱ्या पोरापोरींच्या गाड्यांच्या गर्दीत, वकीलसाहेबांच्या फाटकासमोर हे धूड उभं असायचं. मी रोज त्याला वळसा घालून वर्गावर जायची आणि रोज मनात म्हणायची, या माणसाला झालंय तरी काय?

त्या लोडरची चाकं वळत नाहीत. वळायचं असेल तर एका बाजूची चाकं थांबवायची आणि दुसऱ्या बाजूची चालवायची, की तो जागच्या जागी माती उकरत गरकन फिरतो. आमच्याकडे रेड्याला हल्या म्हणतात. चिडलेला हल्या असाच फिरतो, म्हणून गावोगाव त्या लोडरचं नावच हल्या पडलं. त्याला बाजूने दार नाही. पुढून, जमिनीवर टेकवलेल्या गिरमिटाला ओलांडून आत शिरायचं, बसायचं आणि एक लोखंडी दांडा मांडीवर ओढून घ्यायचा. दांडा खाली आल्याशिवाय यंत्र काही हलत नाही. तो खाली आला की वकीलसाहेब मोठ्याने सांगत, "चला, कोर्ट बसलं."

वैशाखातही अंगात काळा कोट. का, म्हणून विचारलं तर, "काळ्यावर ग्रीस दिसत नाई." गळ्यातला पांढरा बँड मात्र काढून गिरमिटाच्या दांड्याला गच्च बांधलेला. बँड जमिनीला टेकला की खड्डा पुरेसा खोल झाला, थांबायचं, ही त्यांची खूण. खड्डा चालू असताना घडोघडी ओरडायचे, "बँड दिसते का?" बाहेरचे लोक हसून "दिसते, साहेब" म्हणायचे. सगळ्यांना वाटे, म्हाताऱ्याची कोर्टातली नाटकं अजून गेली नाहीत. मलाही तेच वाटे.

काळ्या मातीत गिरमिट चालवायचं त्यांचं तंत्रही त्यांनी मला न विचारता समजावलं होतं. हातभर खाली न्यायचं, मग वर काढायचं, गरगर फिरवून माती झटकायची, मग पुन्हा हातभर. एकदम खाली गेलात तर गिरमिट स्क्रूसारखं मातीत स्वतःला पिळून घेतं आणि बसतं तिथेच. "साक्षीदाराचंबी असंच राह्यते," ते म्हणाले, "एकदम खोलात नाई न्याचं त्याले. थोडं इच्याराचं, वर याचं, माती झटकाची."

"पण मग वकिली सोडली कशाला?" मी विचारलं.

"कोर्टात तारीख पडते, पोरी. इथं गड्डा पडते."

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, कोर्टाच्या जिन्याला पायऱ्या फार. तिसऱ्यांदा म्हणाले, बायकोने सांगितलं. गणितात एका प्रश्नाची तीन उत्तरं आली तर मी तिन्ही खोडते. या माणसापुढे माझी लाल शाई चालत नव्हती.

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट वेगळाच होता. ज्या धुऱ्यांच्या केसेस त्यांनी चालवल्या, त्याच धुऱ्यांवर ते हल्या घेऊन जात. बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. आणि खड्डा पाडायचा तर दोन्ही पार्ट्या हजर पाहिजेत, एक धुऱ्याच्या या अंगाला आणि एक त्या अंगाला. गिरमिट लोडरच्या हाताला लोंबतं असतं, आत बसलेल्याला ते सरळ आहे की तिरपं, नीट समजत नाही, म्हणून बाहेरून दोघांनी बघून सांगावं लागतं. हे खरंच आहे. पण बघायला एकमेकांच्या नरडीला धरणारेच कशाला? गावच्या पारावर बसलेले रिकामे लोक काय डोळे घरी ठेवून येतात? चांदूर बाजारकडे म्हणे दोन चुलतभाऊ असेच उभे केले, तर ते खड्ड्यावरच हातघाईवर आले. वकीलसाहेब आत मांडीवर दांडा घेऊन शांत बसले होते. म्हणाले, "चालू द्या. कोर्ट बसलेलंच हाये."

आता आमचं सांगते. वलगावजवळ आमचं शेत आहे, शेतातच घर. झेंडू, वांगी, थोडी संत्र्याची झाडं. धुऱ्यापलीकडे काकाचं, तेच सगळं, तितकंच. मला सायकल काकाने शिकवली. काकूच्या हातची भाकर खाऊनच मी शाळेत जायची, कारण आमच्या घरी चूल उशिरा पेटे. मग धुऱ्याची केस लागली. वकीलसाहेब काकाचे वकील होते. उलटतपासणीत त्यांनी बाबांना एकच आडवा प्रश्न विचारला, "भावासोबत एका ताटात शेवटचं कधी जेवले, ते कोर्टाला सांगा." बाबांना सांगता आलं नाही. केसचा निकाल लागला, तो दोघांनाही पटला नाही. बाबा पुढे निकाल विसरले, पण तो प्रश्न नाही विसरले. दोन घरांतलं बोलणं जे बंद झालं ते झालंच. बाबा संध्याकाळी खाटेवर बसत ते धुऱ्याकडे तोंड करून. बघत कुठेच नसत, पण तोंड तिकडेच. मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा दोघांचा.

त्यात रानडुकरांनी उच्छाद मांडला. दोन्ही शेतांना कुंपण घालायचं ठरलं, म्हणजे दोन्ही घरांनी आपापल्या घरात ठरवलं. आईने मात्र मला बाजूला घेतलं. ती मला म्हणाली, "आतापर्यंत निस्ता धुरा हाये. मन झालं तं माणूस ओलांडून येईन. एकदा का तार लागली तं मंग झालं वो माय. मंग कोनी कोनाकडं नाई येत."

आणि अशात वकीलसाहेब उगवले, कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हल्या घालून. बाबांचा चेहरा तापला. "हा माणूस माह्या धुऱ्यावर नाई पाह्यजे."

"डुकरं काय वकील पाहून येतात काय?" आई म्हणाली. तिला खरं तर कुंपणच नको होतं. मग ती असं का म्हणाली, हेही मला समजलेलं नाही.

वकीलसाहेबांनी हल्या खाली उतरवला आणि गिरमिट जोडायला घेतलं. तेलाचे दोन पाइप खटक्यात बसवायचे असतात. आत दाब शिल्लक असला तर ते बसतच नाहीत, कितीही रेटा. त्यांनी इंजिन बंद केलं, पायडल मागेपुढे हलवून दाब उतरवला आणि पाइप टिचकीसरशी बसला. "आधी राग काढून टाकाचा, मंग जोड बसते," ते बाबांकडे तोंड करून म्हणाले. हे पाइपाबद्दल होतं की बाबांबद्दल? बाबांनाही कळलं नसावं, कारण ते बिडी विझली असतानाही ओढत राहिले.

काका त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला, बाबा आमच्या. आई आणि मी मागे बाभळीखाली. कोर्ट बसलं.

पहिला खड्डा सुरू झाला आणि काका ओरडला, "साहेब, गिरमिट माह्याकळं झुकून राह्यलं!" ते झुकलेलं नव्हतं. मला बाभळीखालून स्वच्छ दिसत होतं. वकीलसाहेबांनी मुकाट्याने ते बाबांकडे ढकललं. लगेच बाबा, "साहेब, त्याले सांगा, आता माह्या वावरात घुसून राह्यलं!" वकीलसाहेबांनी परत काकाकडे ढकललं. दोघांचंही ऐकत होते, दोघांवरही विश्वास ठेवत होते. शेवटी ज्याचा आवाज शेवटी आला, खड्डा त्याच्या मनासारखा झाला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. मधूनमधून आपलं चालूच, "बँड दिसते का?" आता उत्तर द्यायला कोणाला सवड होती? दोघेही एकमेकांची बोटभर जमीन वाचवण्यात गुंतले होते.

चौथ्या खड्ड्याला बँड मातीत गेला. खोल गेला, दिसेनासा झाला, आणि गिरमिट खाली पिळतच राहिलं. मी ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात कुठलं ऐकू जातंय? मग एकदम घरघर झाली आणि सगळं थांबलं. गिरमिट रुतलं. वकीलसाहेबांनी ते वर ओढायला लोडरचे हात उचलले, तर गिरमिट जागचं हललं नाही आणि हल्याची मागची चाकंच जमिनीवरून उठली. हल्या नाकावर आला. आईने डोळ्यांवर पदर घेतला. त्यांनी हळूच हात खाली केले, चाकं टेकली, इंजिन बंद झालं.

"उलटं फिरवा ना," बाबा म्हणाले. वकीलसाहेबांशी तक्रार सोडून बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"उलटं फिरवाचा पायडल कवाचाच मोडला हाये," वकीलसाहेब उतरत म्हणाले. त्यांनी खीळ काढून गिरमिट यंत्रापासून सोडवलं, सीटखालून एक जाड लोखंडी कडं काढलं आणि चाचपत गिरमिटाच्या वरच्या टोकावर चढवलं. कड्याला आरपार भोक होतं. त्यातून सब्बल, म्हणजे पहार, घातली. आता सब्बलीचं एक टोक बाबांच्या बाजूला आलं आणि दुसरं काकाच्या.

"धरा," ते म्हणाले.

दोघांनी धरली. दोघेही पुढे रेटू लागले, पण काकाने डावीकडे आणि बाबांनीही त्याच अंगाला. दोन टोकांनी एकाच दिशेला जोर लावला तर सब्बल फिरेल कशी? ती नुसती कण्हली.

"अरे, एकमेकाच्या उलटं ढकला!" वकीलसाहेब कोट झटकत म्हणाले. "येवढी वर्सं तेच केलं न? आज काऊन सुधारले?"

काका आधी हसला. मला वाटतं तोच आधी हसला. मग बाबांनी एकीकडे रेटलं, काकाने दुसरीकडे, आणि सब्बल फिरली. दोघे त्या खड्ड्याभोवती गोल गोल चालू लागले, एकामागे एक, घाण्याला जुंपल्यासारखे. बाबा काकाच्या जागी पोचले की काका बाबांच्या. धुरा कुठे आणि कोणाचा, काही राहिलं नाही. काळी माती चिकट, सुटता सुटेना. पण बोटाबोटाने गिरमिट वर आलं, आणि मातीने काळाकुट्ट झालेला बँडही वर आला.

तो वकीलसाहेबांच्या अगदी नाकासमोर लोंबत होता. त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, "बँड कुठं हाये? तुटला का?"

मला वाटलं, झाली यांची नाटकं सुरू. काकाने बँड सोडला, पँटीला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "हा घ्या, साहेब." बाबा आणि काका त्यांच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, घामाने आणि श्रमाने भाऊ विरघळले. वाटणारच.

तो चौथा खड्डा इतका सैल झाला की त्यात खांब आजही डुगडुगतो. पण पाचव्यापासून वेगळंच चाललं. काका म्हणायचा, "दादा, तुले कसं दिसते? इकळे बोटभर?" आणि बाबा वाकून, डोळा बारीक करून म्हणायचे, "अर्धं बोट. हं. आता बरोबर हाये." मग दोघे मिळून वकीलसाहेबांना सांगायचे. कोणी विचारायच्या आधीच काका ओरडायचा, "बँड हातभर वर हाये, साहेब! आता टेकला! थांबा!" आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मी रडत होते आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

कुंपण झालं. तार लागली. आणि आईला भीती होती त्याच्या उलट, तारेवरून चहाचे कप जाऊ-येऊ लागले.

माझं डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. ते लोखंडी कडं तयारच कसं होतं? ते त्यांनी लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेलं होतं, दोन माणसांनी दोन टोकांना धरावं असं. म्हणजे गिरमिट रुतणार हे माहीत होतं? की मुद्दाम रुतवलं? मी राजापेठेत त्यांना गाठून स्पष्टच विचारलं. ते हल्याला पाठ टेकून शेंगदाणे खात होते. म्हणाले, "गिरमिट फसलं का फसवलं, हे शाबीत करणं लय कठीण हाये, पोरी. म्या तुही केस घेतली नसती." आणि शेंगदाणे पुढे केले. पण माझ्या हातापासून वीतभर दूर.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी ओसरीवर बसल्या होत्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, बोलणं मोजकं. हल्या फाटकाशी तसाच उभा होता. मी म्हटलं, त्यांनी वकिली का सोडली, हे मला कधी कळलंच नाही.

"दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "डावा डोळा पूर्ण गेला होता, उजव्यात थोडं उरलं होतं. कागद वाचता येईनात. कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, घरी बसा आता. तर हे धूड घेऊन आले."

मी फाटकाशी उभ्या हल्याकडे बघितलं. मग विचारलं, "आणि बघायला भांडणारेच का लागायचे?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, दिवसभर उन्हात एका खड्ड्याकडे टक लावून दुसरा कोण पाहील? ज्याचं भांडण आहे तोच. दोघंही खोटं सांगतात, पण एक इकडचं आणि एक तिकडचं. आपण मधोमध धरायचं. जन्मभर कोर्टात हेच केलं, म्हणाले."

म्हणजे ना कसलं प्रायश्चित्त, ना भावाभावांना जोडायचा डाव. एका म्हाताऱ्याला दिसत नव्हतं आणि ते लपवायचं होतं, एवढंच. गिरमिट सारखं रुतायचं, म्हणून कडं. परत येताना बसमध्ये मला आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला, मग त्यांची इतकी आठवण आली की वलगावचा थांबा जवळजवळ निघून गेला.

संध्याकाळी धुऱ्यावर गेले. बाबा आणि काका तारेच्या दोन अंगांना उकिडवे बसून चहा पीत होते. मी सांगून टाकलं, "वकीलसाहेबांले दिसत नव्हतं."

"आमाले मालूम हाये," बाबा म्हणाले.

"कवापासून?"

"थो बँड नाकासमोर लटकून राह्यला होता न, आन् थे इच्यारत होते, कुठं हाये म्हून. तवाच समजलं."

"म्या दादाकळं पाह्यलं, दादानं माह्याकळं," काका म्हणाला. "आता दिसत नाई त्या माणसाले काय खोटं सांगाचं? मंग जसं हाये तसं सांगत गेलो. पन एकट्याचा काय भरोसा, म्हून दादाले इच्यारा लागे."

तर पाचव्या खांबाचं उत्तर हे होतं. डुगडुगणाऱ्या चौथ्या खांबाला धरून मी उभी राहिले. उत्तर सापडलं होतं, पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला.

"तुमाले समजलं, हे त्याईले मालूम होतं का?"

"नाई," बाबा म्हणाले.

"होतं," काका म्हणाला.

दोघंही एकदमच. बाबांनी कप खाली ठेवला. "तुले काय मालूम बे?"

"काऊन नाई मालूम? वकील कोनाचा होता? तुहा का माहा?"

"तुहा असन! गड्डा माह्या धुऱ्यावर पाडला न त्यानं?"

"तुहा धुरा? तुहा कवापासून झाला थो?"

आवाज चढले. आई घाईघाईने बाहेर आली. "काय झालं वो?"

"भांडून राह्यले," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि अजून चहा टाकायला आत गेली.